ग्रंथकाराचा हक्क आणि विद्यार्थ्याची नक्कल

पुस्तकाचें पहिलें पान उलटलें कीं त्याच्या पाठीमागें 'सर्व हक्क स्वाधीन' असे तीन शब्द बहुधा छापलेले आढळतात. वाचकाची नजर त्यांवरून सहज घसरून जाते. महाविद्यालयांत तर तीं अक्षरें कोणी वाचीत असेल अशी शंकाहि घेण्याचें कारण नाहीं. प्राध्यापक वर्गांत येतात आणि अमुक ग्रंथाचें तिसरें व सातवें प्रकरण वाचून या म्हणून सांगतात. ग्रंथालयांत त्या ग्रंथाच्या प्रती दोन, आणि वर्गांत विद्यार्थी साठ. ग्रंथ परदेशी असला तर त्याची किंमत एखाद्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खाणावळीच्या बिलाहून जास्त. मग तासाभरांत तीं दोन प्रकरणें फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत पोंचतात, आणि संध्याकाळपर्यंत साठ संच तयार होतात. यांत कोणी चोरी केली काय? केली असल्यास ती प्राध्यापकांनीं, विद्यार्थ्यांनीं, कीं दुकानदारानें? आणि कोणीच केली नसल्यास पहिल्या पानामागचे ते तीन शब्द निव्वळ शोभेचे समजावयाचे काय?

या प्रश्नास दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, शिक्षणाच्या कामीं सारें कांहीं माफ आहे. दुसरा, विशेषतः एखादा भित्रा ग्रंथपाल, म्हणतो कीं प्रकाशकाच्या लेखी परवानगीवांचून एका पानाचीहि नक्कल काढणें गुन्हा आहे. दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत; आणि दुसऱ्यानें होणारें नुकसान पहिल्याहून कमी नाहीं. पहिल्यामुळें ग्रंथकाराचें पोट मारलें जातें, तर दुसऱ्यामुळें कायद्यानें ज्यास मोकळीक दिली आहे असा विद्यार्थी विनाकारण रिकाम्या हातानें परत जातो.

भारतांत हा विषय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखालीं येतो. २१ जानेवारी १९५८ रोजीं तो अंमलांत आला. त्यांत पुढें अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांतील २०१२ ची दुरुस्ति बरीच मोठी आहे. या कायद्याचें ५२ वें कलम प्रत्येक शिक्षकानें एकदां तरी डोळ्यांखालून घालावें असें आहे. कोणतीं कृत्यें हक्कभंग समजूं नयेत यांची लांबलचक यादी त्यांत दिली आहे. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं किंवा संशोधनासाठीं, तसेंच टीकेसाठीं किंवा परीक्षणासाठीं केलेला रास्त उपयोग तींत आहेच. परंतु महाविद्यालयांच्या दृष्टीनें खरें महत्त्वाचें वाक्य पुढें येतें. शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें अध्यापनाच्या ओघांत एखाद्या कृतीची नक्कल केली, प्रश्नपत्रिकेंत तिचा उतारा घातला किंवा उत्तरांत तो लिहिला, तर त्यानें हक्कभंग होत नाहीं, असा त्याचा आशय. किती पानें, शेंकडा किती भाग, याचें कसलेंहि माप या वाक्यांत घातलेलें नाहीं. दहा टक्क्यांपर्यंत चालतें, एक प्रकरण चालतें, असे जे नियम तोंडोतोंडीं फिरतात ते इतर देशांच्या नियमांवरून किंवा परवानापद्धतींवरून आलेले असावेत. भारताच्या कायद्याच्या या कलमांत ते नाहींत.

या थोड्या शब्दांची खरी परीक्षा दिल्लींत झाली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारांत 'रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस' नांवाचें एक लहानसें दुकान विद्यापीठाच्या परवान्यावर चालत असे. नक्कल काढण्याचा दर पानास ४० पैसे. प्राध्यापकांनीं अभ्यासक्रमास धरून नेमलेलीं निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणें एकत्र बांधून त्यांचे संच तेथें विद्यार्थ्यांस मिळत. त्यांस 'कोर्स-पॅक' म्हणतात. २०१२ च्या ऑगस्ट महिन्यांत ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक यांनीं या दुकानावर व दिल्ली विद्यापीठावर उच्च न्यायालयांत दावा लावला. त्याच सालच्या ऑक्टोबरांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला आणि संच मिळणें बंद झालें. सत्राच्या ऐन मध्यावर हें घडल्यानें विद्यार्थ्यांची काय तारांबळ उडाली असेल त्याची श्रोत्यांनीं कल्पना करावी.

एका बाजूस शतकानुशतकें ग्रंथ छापीत आलेल्या संस्था आणि दुसऱ्या बाजूस चाळीस पैशांवर चालणारें दुकान, असा हा विषम सामना होता. परंतु दुकान एकटें राहिलें नाहीं. विद्यार्थ्यांची एक संघटना व शिक्षकांची दुसरी, अशा दोघी दाव्यांत आपण होऊन पक्षकार झाल्या. त्याहूनहि नवलाची गोष्ट अशी, कीं दावा मागें घ्यावा म्हणून तीनशेंहून अधिक लेखकांनीं व विद्वानांनीं प्रकाशकांस जाहीर पत्र लिहिलें. आणि ज्यांच्या ग्रंथांतील प्रकरणांच्या नकला काढल्याबद्दल हा दावा होता, त्यांपैकींहि कांहीं ग्रंथकारांच्या सह्या त्यावर होत्या. ज्यांच्या नांवानें फिर्याद, तेच आरोपीच्या बाजूस उभे, असा हा प्रकार! अर्थात् विद्यापीठांत पगारी असलेल्या विद्वानास ग्रंथाच्या मोबदल्याची तितकी पर्वा नसते. केवळ लेखणीवर जगणाऱ्यानें त्या पत्रावर इतक्या सहजपणें सही केली असती काय, हा प्रश्न वेगळा.

वादींचे मुद्दे ऐकण्यासारखे होते. कायद्यांत 'शिक्षक' व 'विद्यार्थी' हे शब्द एकवचनीं आहेत. तेव्हां एका शिक्षकानें एका विद्यार्थ्यासाठीं केलेली नक्कल चालेल, विद्यापीठानें शेंकडों विद्यार्थ्यांसाठीं केलेली चालणार नाहीं, हा एक. अध्यापनाचा ओघ म्हणजे वर्गांत फळ्यासमोर प्रत्यक्ष शिकवणें, तासापूर्वीं वा तासानंतर कागद पुरविणें नव्हे, हा दुसरा. दुकानदार शिक्षकहि नाहीं, विद्यार्थीहि नाहीं; तो धंदा करतो, हा तिसरा. चौथा मुद्दा कायद्याच्याच दुसऱ्या पोटकलमावर आधारलेला होता. शिक्षणोपयोगी वेंचे छापणाऱ्या प्रकाशकानें एका ग्रंथकाराचे पांच वर्षांत दोनच लहान उतारे घ्यावे, असें त्यांत बंधन आहे. प्रकाशकावर जर इतकें कडक बंधन, तर झेरॉक्सवाल्यास मोकळें रान कां?

१६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति राजीव सहाय एंडलॉ यांनीं दावा काढून टाकला. त्यांच्या निकालपत्रांतील एक भाग कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच आढळावा असा आहे. स्वतः कायदा शिकत असतां विद्यार्थी पाळीपाळीनें ग्रंथालयांत बसून पानेंच्या पानें हातानें कशीं उतरून घेत, याची त्यांनीं आठवण दिली. पुढें नक्कल काढण्याचें यंत्र आलें. आतां तर मोबाइलनें पानाचें छायाचित्र घेतां येतें. हातानें उतरून घेणें ज्या काळीं गुन्हा नव्हतें, तेंच काम यंत्रानें लवकर होऊं लागलें म्हणून तो गुन्हा कसा होईल, असा त्यांचा विचार होता. कॉपीराइट हा ईश्वरदत्त किंवा निसर्गदत्त हक्क नसून लोकांच्या ज्ञानवृद्धीकरितां कायद्यानें निर्माण केलेला हक्क आहे, असेंहि त्यांनीं स्पष्ट म्हटलें.

प्रकाशकांनीं अपील केलें. ९ डिसेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति प्रदीप नंदराजोग व योगेश खन्ना यांनीं त्यावर निकाल दिला, व महाविद्यालयांनीं खरा आधार घ्यावयाचा तो या दुसऱ्या निकालाचा. एकवचनांत अनेकवचन अंतर्भूत असतें. अध्यापन म्हणजे केवळ तासाची घंटा नव्हे, तर सत्राच्या आरंभापासून अखेरपर्यंतचें शिकण्या-शिकविण्याचें सर्व काम. वेंचे छापून ते सर्वसाधारण जनतेस विकणें आणि आपल्याच विद्यार्थ्यांसाठीं नकला काढणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि नक्कल दुकानदाराच्या हातून करवून घेतली म्हणून तिचा हेतु बदलत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. मात्र पहिल्या न्यायमूर्तींप्रमाणें दावा सरसकट फेटाळणें त्यांस मान्य झालें नाहीं. संचांत घातलेला भाग अध्यापनाच्या हेतूस खरोखरच आवश्यक होता काय, आणि संपूर्ण पुस्तकांच्या नकला काढल्याचा जो आक्षेप आहे तो कितपत समर्थनीय, हे दोन प्रश्न पुराव्यानिशीं तपासण्यासाठीं त्यांनीं दावा परत पाठविला. मनाईहुकूम दिला नाहीं, पण दुकानानें पुरविलेल्या संचांचा हिशेब ठेवावा असें बजावलें. पुढें तो पुरावा झालाच नाहीं. २०१७ च्या मार्चमध्यें प्रकाशकांनीं दावा मागें घेतला, आणि नकलांचे परवाने देणाऱ्या संस्थेचें अपील सर्वोच्च न्यायालयानें त्याच सालीं मे महिन्यांत फेटाळलें.

या निकालाचें सार पुष्कळांनीं 'आतां झेरॉक्सला पूर्ण मोकळीक' असें करून टाकलें आहे. तें बरोबर नाहीं. पानांची मोजदाद कायद्यानें केली नाहीं हें खरें; पण त्या जागीं त्यानें हेतूची मोजदाद ठेविली आहे, आणि ती जास्त अवघड आहे. शिकविण्यास जेवढें लागतें तेवढें घ्यावें. अर्थशास्त्राच्या वर्गास एका ग्रंथांतील पन्नास पानें लागतात, तीं देतां येतील. पण बाजारांत सहज मिळणारें क्रमिक पुस्तक, केवळ विकत घ्यावें लागूं नये म्हणून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छापून साऱ्या वर्गास वांटणें या कलमाच्या छत्राखालीं बसेल असें दिल्लीच्या न्यायालयानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उलट तोच प्रश्न त्यानें उघडा ठेविला. आणि येथें मराठी पुस्तकांची गोष्ट परदेशी ग्रंथांहून निराळी आहे. मोठ्या परदेशी प्रकाशकाच्या ग्रंथांतील एक प्रकरण दिल्लींत छापलें गेल्यानें त्याचा व्यापार बुडत नाहीं. पण हजार-पांचशें प्रतींची आवृत्ति काढून ती कशीबशी खपविणाऱ्या मराठी प्रकाशकाचें पुस्तक तीन-चार महाविद्यालयांनीं संपूर्ण छापून वांटलें, तर दुसरी आवृत्ति निघतच नाहीं. आणि मग पुढच्या वर्षीं नक्कल काढण्यासहि पुस्तक उरत नाहीं.

प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे ग्रंथकाराच्या हक्काची बाजू, नीट समजण्यासाठीं दिल्ली सोडून मुंबईस आणि शंभर वर्षें मागें गेलें पाहिजे. तेथेंहि वाद विद्यार्थ्यांच्या पुस्तकाचाच होता. सर थॉमस नॉर्थ या इंग्रज गृहस्थानें १५७९ मध्यें प्लुटार्कच्या चरित्रांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांतील शिकंदराच्या चरित्रांतले निवडक भाग घेऊन मॅकमिलन कंपनीनें १९१८ सालीं शाळांकरितां एक पुस्तक काढलें. मूळचा मजकूर सुमारें निम्म्यावर आणला होता, भाग सांधण्यासाठीं मधून मधून चार शब्द घातले होते, आणि शेवटीं टीपा जोडल्या होत्या. दुसऱ्याच वर्षीं मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनीं तशाच स्वरूपाचें पुस्तक विद्यार्थ्यांसाठीं बाजारांत आणलें. वाद मुंबईच्या न्यायालयांतून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, व तेथें १९२३ च्या डिसेंबरांत निकाल लागला.

तो निकाल दोन तुकड्यांचा आहे. मजकुरापुरता दावा मॅकमिलन हरले. नॉर्थचें भाषांतर साडेतीनशें वर्षांपूर्वींचें, म्हणजे सर्वांच्या मालकीचें. त्यांतील कांहीं भाग गाळून बाकीचा छापला, एवढ्यानें नवी कृति जन्मास येत नाहीं. पण टीपांच्या बाबतींत तेच मॅकमिलन जिंकले. टीपा लिहिण्यास विद्वत्ता, निवड व श्रम लागतात. त्या ज्यानें लिहिल्या त्याच्या. आणि कूपरांच्या पुस्तकांत त्या उचललेल्या आढळल्या. कच्च्या मालांत जो गुण नव्हता तो ज्याच्या श्रमानें व कौशल्यानें तयार मालांत आला, त्यासच हक्क मिळतो, हें तत्त्व त्या वेळीं मांडलें गेलें. पुढें २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यांत ही कसोटी आणखी कडक केली. नुसते श्रम पुरेत नाहींत, थोडी तरी स्वतःची बुद्धि त्यांत दिसली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. न्यायाधीशांचे निकाल सर्वांचे आहेत. पण त्यांवर प्रकाशकानें लिहविलेलें सार त्या प्रकाशकाचें. विधिमहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांस हा भेद रोजच्या रोज उपयोगी पडतो.

मराठीच्या वर्गासहि तो तितकाच लागू आहे. ज्ञानेश्वरी कोणाच्याहि मालकीची नाहीं. तिच्या ओंव्या हव्या तितक्या छापाव्यात. पण एखाद्या हयात पंडितानें पोथ्या ताडून पाहून लिहिलेल्या टीपा व प्रस्तावना त्याच्या आहेत. 'ज्ञानेश्वरीच तर आहे' असें म्हणून ते शंभर पृष्ठांचें विवेचन नवीन 'गाईडांत' जसेंच्या तसें उतरवणारा मनुष्य शिक्षणाच्या कलमामागें लपूं शकत नाहीं, कारण तो शिक्षक म्हणून नव्हे, विक्रेता म्हणून नक्कल करीत असतो.

मालकी किती काळ टिकते हें ठाऊक नसल्यानेंहि उगाच गोंधळ होतो. ग्रंथकाराच्या मृत्यूनंतरचें वर्ष लागल्यापासून ६० वर्षें, असा भारताचा नियम आहे. १९९२ पूर्वीं ती मुदत ५० वर्षें होती. लोकमान्य टिळक १९२० सालीं वारले. त्यांचें 'गीतारहस्य' केव्हांच मुक्त झालें. साने गुरुजी १९५० सालीं गेले. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेली पुस्तकें २०१० च्या अखेरीस मुक्त झालीं. आचार्य अत्रे १९६९ सालीं वारले. त्यांच्या हयातींतील पुस्तकांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत चालेल. पु. ल. देशपांडे २००० सालीं गेले, तेव्हां २०६० पर्यंत. ग्रंथपालानें प्रत्येक नव्या मागणीच्या वेळीं हा साधा हिशेब केला, तरी अर्धें काम होतें.

स्नेहसंमेलनांत नाटक बसवितांना हा हिशेब कोणी करीत नाहीं, आणि बहुधा गरजहि पडत नाहीं. विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं संस्थेच्या कार्यक्रमांत केलेला प्रयोग, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशीं संबंधित मंडळी असतील तर, हक्कभंग समजला जात नाहीं. चित्रपट दाखविण्याचेंहि तसेंच. पण तिकिटें लावून गांवास बोलाविलें कीं नाटककाराची परवानगी व मोबदला आलाच. नाट्यस्पर्धेच्या वेळीं ही गोष्ट विसरल्यामुळें प्रयोगाच्या आदल्या दिवशीं धांवाधांव होते.

मोबाइल व पीडीएफच्या बाबतींत मात्र सावधगिरी हवी. आपल्या वर्गाच्या साठ मुलांस प्रकरणाची प्रत पाठविणें आणि तीच प्रत कोणासहि उघडतां येईल अशी संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवणें यांत मोठें अंतर आहे. पहिल्यांत अध्यापन आहे. दुसऱ्यांत साऱ्या जगास केलेलें प्रकाशन आहे, आणि जगांतील सर्व वाचक त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी नव्हेत. प्रत वर्गापुरतीच राहील अशी कुलूपबंद व्यवस्था आजकाल बहुतेक महाविद्यालयांत आहे. ती वापरण्याचा आळस तेवढा टाकावयाचा. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड असा कायदा आहे, हें सांगून ठेवलेलें बरें.

आणखी एक खोड महाविद्यालयीन संचांत सर्रास दिसते. पहिल्या पानावर विषयाचें नांव असतें, सत्र असतें, कधीं प्राध्यापकांचेंहि नांव असतें. फक्त ग्रंथकाराचें नसतें. तीन वर्षें एखाद्या विद्वानाचीं प्रकरणें वाचून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यास त्याचें नांवहि ठाऊक नसावें, ही गोष्ट हक्कभंगाहून जास्त लाजिरवाणी आहे. कायद्याच्या ५७ व्या कलमानें ग्रंथकारास आपलें कर्तृत्व सांगण्याचा वेगळा हक्क दिला आहे. पैशासाठीं हक्क विकून टाकला तरी हा हक्क त्याच्यापाशीं उरतो. ग्रंथकार, ग्रंथ, प्रकाशक व वर्ष असा एक ओळीचा मथळा प्रत्येक नकलेवर घालण्यास शाई लागते ती किती?

ग्रंथालयासाठीं कायद्यानें आणखी एक सवलत ठेविली आहे. जें पुस्तक भारतांत विकत मिळतच नाहीं, त्याच्या तीनपर्यंत प्रती नफ्यासाठीं न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या उपयोगासाठीं करून ठेवतां येतात. जुन्या, दुर्मिळ पुस्तकांचे तुकडे होऊं लागलेल्या आपल्याकडील ग्रंथालयांनीं तिचा अधिक उपयोग करून घ्यावयास हवा.

अंध विद्यार्थ्यांसाठीं असलेली सवलत तर याहून मोठी आहे, आणि तिची माहिती त्याहून कमी लोकांस आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं ज्यांस साधें छापील पुस्तक वाचतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं तें ब्रेलमध्यें, मोठ्या अक्षरांत किंवा आवाजाच्या रूपांत करून देण्यास, नफा घेतला जात नसेल तर, ग्रंथकाराची परवानगी लागत नाहीं. येथें प्रकरणापुरतें थांबण्याचेंहि कारण नाहीं. संपूर्ण पुस्तक करून देतां येतें. ती प्रत त्या वाचकांपुरतीच राहील, बाजारांत जाणार नाहीं, एवढी काळजी मात्र देणाऱ्या संस्थेनें घ्यावयाची असते. याच विषयावर २०१३ सालीं मोरोक्कोंतील माराकेश शहरांत आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यास मान्यता देणारें पहिलें राष्ट्र, २०१४ सालीं, भारत ठरलें. तेव्हां एखाद्या महाविद्यालयांतील पांच-सहा विद्यार्थी आळीपाळीनें बसून आपल्या अंध सोबत्यासाठीं साऱ्या वर्षाचीं क्रमिक पुस्तकें मोठ्यानें वाचून ध्वनिमुद्रित करूं लागले, आणि ग्रंथपालानें कॉपीराइटच्या भीतीनें त्यांस अडविलें, तर त्यांनीं त्याच्यासमोर कायद्याचें ५२ वें कलम उघडून ठेवावें आणि पुढचें प्रकरण वाचावयास घ्यावें.